यादीतलं आईचं नाव

आई गेली तेव्हा मी निपाणीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईने तंबाखूच्या वखारीत चाळण धरून माझी फी भरली, आणि त्याच धुळीचा खोकला वाढत जाऊन ती गेली. त्यानंतर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला एकच काम सांगितलं. एवढं शिकवल्यावर त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

"मतदानाच्या यादीत तिचं नाव हाय. तेवढं काढून ये."

मी म्हणालो, "ऱ्हायलं तर काय बिघडतंय?"

ते म्हणाले, "दर खेपेला शाळंत कोन तरी तिचं नाव घेऊन हाक मारणार. हाक मारली की माणूस वळून बघतंय रं."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, निदान मी तसं म्हणत असे. पण चिकोडीच्या कचेरीत दोनदा गेलो. पहिल्या खेपेला कारकुनाने मृत्यूची नोंद मागितली. ती नव्हती. आई गेली त्या सुमाराला गावच्या नोंदीची वही संपली होती आणि नवी आलीच नव्हती. त्या काही महिन्यांत सरकारदरबारी आमच्या गावात कुणी मेलंच नाही. दुसऱ्या खेपेला त्याने माझा अर्ज घेतला आणि न वाचता गठ्ठ्यात सारला.

"ऱ्हाऊ दे की नाव. खायला मागतंय काय ते तुला?"

शेजारचा कारकून हसला. मीही थोडा हसलो. का हसलो ते मला अजून सांगता येत नाही.

वर्षभराने विधानसभेची निवडणूक लागली. गावच्या पुढाऱ्याला सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या चिठ्ठीवर मला निपाणीत बोर्डिंगात जागा मिळाली होती. आमचा भाग कर्नाटकात, म्हणून यादी कानडीत छापलेली, आणि गावात कानडी नीट वाचणारे माझ्यासारखे थोडे. अण्णांनी मला बोलावून घेतलं. यादीवरून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, आणि मतदानादिवशी त्यांच्या उमेदवाराचा एजंट म्हणून आत बसायचं. "निवडत बसू नगंस," ते म्हणाले, "यादी हाय तशी उतर."

दोन दिवस मी त्यांच्या सोप्यात बसून लिहीत होतो. दुपारची वेळ, बाहेर रखरखीत ऊन. आमच्या गल्लीचं पान आलं आणि माझा हात हळू झाला. यादीत गल्ली पूर्वीसारखी भरलेली होती. विहिरीत पडलेला, बाळंतपणात गेलेली, घर पडून ज्यांचा आता फक्त चौथरा उरलाय ते तिघे भाऊ, सगळे आपापल्या घर नंबरावर. भर दुपारी गल्लीतून चालावं आणि प्रत्येक दारात कुणी तरी उभं असावं, तसं वाटलं. मग आईचं नाव आलं. ते मला गाळता आलं असतं. पण त्या अर्जाखेरीज मी तिचं नाव कधी कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली, आणि चांगल्या अक्षरात लिहिली. एवढं मात्र माझ्या हातून झालं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मतदान शाळेत होतं. आतले अधिकारी म्हणजे कानडी मुलखातले एक मास्तर, स्वभावाने गरीब. बाई समोर आली की नाव वाचायचे आणि विचारायचे, "गंडन हेसरु?" म्हणजे नवऱ्याचं नाव काय. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्या मान खाली घालायच्या आणि माझ्याकडे बोट करायच्या. मी गावचा, मी नाव सांगायचो. दहा वाजेपर्यंत मास्तरांना याची सवय झाली. ते बाईला विचारायचे आणि बघायचे माझ्याकडे.

समोरच्या उमेदवाराचा एजंट म्हणून आमच्याच गल्लीतले एक म्हातारे बसले होते. आईला खांदा दिलेले.

अधूनमधून परक्या बायका येत होत्या. नवऱ्याचं नाव विचारलं की त्या पाठ केल्यासारखं घडाघडा सांगून मोकळ्या व्हायच्या. त्यावरूनच आम्हा दोघांना कळायचं. म्हातारे माझ्याकडे बघायचे, मी यादीकडे. दोन्ही बाजूंनी माणसं आणलेली होती, म्हणून दोघेही गप्प.

बाराच्या सुमाराला मास्तरांनी आईचं नाव वाचलं.

समोर एक बाई उभी होती. पदर कपाळावर ओढलेला, लुगड्याच्या काठाला तंबाखूची तांबूस धूळ. हातातली चिठ्ठी माझ्या अक्षरातली. ती पदरात खोकली. दोन बारीक ढासा, मग एक लांब.

दोन रुपये भरून एजंटला हरकत घेता येते, हे मला माहीत होतं. सांगायचं वाक्य डोक्यात कानडीत जुळून तयार होतं. ही ती नव्हे, ती वारली, ती माझी आई होती.

"गंडन हेसरु?"

तिने नाव सांगितलं नाही. बाहेर तिला पढवलं असणारच, पण तिने मान खाली घातली आणि बोट माझ्याकडे केलं.

मास्तर माझ्याकडे बघत थांबले. मागे रांग थांबली. म्हातारे हलक्या आवाजात म्हणाले, "सांग की. तुझ्याच घरचं हाय."

तो टोमणा होता की त्यांनाही काही तरी दिसलं होतं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी आप्पांचं नाव सांगितलं.

मास्तरांनी खूण केली. तिच्या बोटाच्या भेगांत शाई पसरली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. खालून फक्त पावलं दिसत होती. मी शिकलेला मुलगा, पण मी त्या पावलांकडे निरखून पाहिलं. सरळच होती.

तीनच्या सुमाराला आप्पा आले. मास्तरांनी यादी बघितली आणि हसून कानडीत म्हणाले, "मालकीणबाई तुमच्या आधी येऊन गेल्या की." आप्पांना बाजारापुरतं कानडी कळत होतं. तेवढं पुरलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आलती?"

खरं सांगायची ती दुसरी वेळ होती. "व्हय," मी म्हणालो.

"कवा?"

"बाराच्या दरम्यान."

त्यांनी मान हलवली आणि शाईसाठी बोट पुढे केलं. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "खोकला हुता?"

"हुता."

मतमोजणीत अण्णांचा उमेदवार आला. मी पुन्हा अर्ज लिहायला घेतला, तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता." मीही कागद बाजूला ठेवला. खरं काय झालं ते त्यांना सांगावं, असं पुष्कळदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे, मी व्हय का म्हणालो तेही सांगावं लागलं असतं.

पुढे मला बेळगावात नोकरी लागली. मतदानाला तेवढा गावी यायचो. नाव यादीत असायचंच. आप्पा त्या दिवशी पहाटेच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून शाळेसमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. स्वतःचं मत अगदी शेवटी द्यायचे. जेवायची वेळ टळून गेली की मी बोलवायला जायचो.

"आप्पा, चला की घरला."

"थांब जरा," ते म्हणायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. "बायकांची लाईन सरली न्हाय अजून."