न वाचलेले परिशिष्ट

आमच्या नगरपालिकेचे मुख्य लेखनिक, ज्यांना शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सारे अण्णा म्हणत, कागदाचा कीस पाडल्याखेरीज तो पुढे पाठवीत नसत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी एकोणीस वर्षे काढली. तेवढ्या काळात त्यांनी न वाचता सोडलेला कागद एकच.

खाणींच्या उत्पन्नातून राज्याने विश्वस्त निधी उभारला होता. त्याच्या व्याजातला वाटा नगरपालिकांना द्यावा, असा कायद्याचा मसुदा अभिप्रायासाठी आला. आमचा जीव अडकला होता तो आठ खाटांच्या प्रसूतिगृहात. पैशाअभावी ते बंद पडायच्या बेतात होते आणि तिथली परिचारिका अण्णांची धाकटी बहीण. मसुद्याखाली सही होती अण्णांच्याच हाताखाली तयार झालेल्या आणि आता राजधानीत वित्त विभागात बसणाऱ्या त्यांच्या शिष्याची. अण्णांनी पहिले पान वाचले, सही पाहिली, "पठ्ठ्याने पांग फेडले हो!" म्हणाले आणि त्याच दुपारी पाठिंब्याचा ठराव लिहिला. प्रसूतिगृहासाठी केलेला विशेष मदतीचा अर्जही मागे घ्यायला लावला.

कायदा झाला, वाटा आला, नेहमीचे अनुदान मात्र तेवढ्याच रकमेने घटले. मसुद्याच्या परिशिष्टात तशी तरतूदच होती.

महिन्याभराने शिष्य दौऱ्यावर आला.

"केसाने गळा कापलास की रे!" अण्णा म्हणाले.

"अण्णा, सगळं उघड लिहिलं होतं. तुम्ही तर टाचणीसुद्धा तपासणार. पहिली हरकत तुमचीच येईल, म्हणून मी वाट बघत होतो."

"मी वाचलंच नाही."

"तुम्ही?"

"खाली तुझी सही होती."

शिष्याने चष्मा काढून पुसला. "वरून आदेश होता, अण्णा," एवढेच तो बोलला. उघड्या कागदावरही दगा करता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी बहीण कचेरीत आली. "दादा, या आठवड्यात तिघीजणी भरल्या दिवसांच्या आहेत. त्यांना काय सांगू? परिशिष्ट वाचा म्हणून?"

अण्णांनी कोरा कागद पुढे ओढला.

प्रसूतिगृह बंद होत असल्याची सूचना त्यांनी टंकलेखकाकडे दिली नाही, स्वतः लिहिली. शेवटी एक वाक्य जोडले: 'मसुदा वाचण्यात माझ्याकडून कसूर झाली.' अध्यक्षांनी सही करण्यापूर्वी तेवढे वाक्य खोडले.