चहात अडकलेलं लोह

बायकोच्या पित्ताशयात खडे होते आणि अंगात रक्त नव्हतं. हिमोग्लोबिन दहावर आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि ते साडेआठाच्या वर सरकायला तयार नव्हतं. तारीख दोनदा पुढे गेली. दर आठ-पंधरा दिवसांनी ती पोट धरून बसायची. मला ते बघवत नसे.

लोहाच्या गोळ्यांची जबाबदारी मी घेतली होती. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात तीस वर्षं मी धातू तपासले. लोखंड माझ्या हातून सुटेल कसं? सकाळी सहाला कडक कोरा चहा करायचा, कपाबरोबर गोळी द्यायची आणि ती गिळेपर्यंत हलायचं नाही. एक दिवस चुकवला नाही.

म्हणजे दोष गोळीचाच. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला झापलं. तो कन्नडमध्ये 'सरी सर, सरी सर', म्हणजे 'बरं, बरं' म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चिडून घरी आलो, एक गोळी कुटली आणि उरलेल्या चहात टाकली. चहा शाईसारखा काळाकुट्ट! भेसळ सापडली. बायको "अहो, राहू द्या" म्हणत असतानाच मी तो बाटलीत भरला आणि तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या, कन्नड घरातल्या; आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"गोळी उत्तम आहे, अंकल. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तसंच हे. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. मग ते रक्तात जाणार कसं?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण गोळी चहाबरोबर घ्यायला सांगितलं कोणी?"



"मीच घेते," बायको म्हणाली. "सवय आहे. हे बिचारे रोज नको म्हणतात."

माझ्या शहाणपणापायी तिने तीन महिने कळा काढल्या होत्या, आणि आता बोलणीही तीच खायला निघाली होती. मला भयंकर लाज वाटली.

"मी देत होतो," मी म्हणालो. "रोज. स्वतःच्या हाताने."

त्यानंतर गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन दहावर गेलं. ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना तिने माझा हात घट्ट धरला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "फक्त मी बाहेर येईपर्यंत कुणाला काही शिकवू नका."

दोन तास मी तोंड मिटून बाकावर बसलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.