गच्चीवरचं बाळंतपण

शार्कवर संशोधन करणारी मुलगी घरात असली की पाहुण्यांना विषय शोधावा लागत नाही. "चावत नाही का गं?" हा पहिला प्रश्न ठरलेला. धाकटीने त्याला उत्तर देणं केव्हाच सोडलं होतं. तिचा सगळा जीव एका मादी शार्कमध्ये अडकला होता. घरात सगळे तिला 'बाई'च म्हणत. त्या बाईच्या पाठीवर धाकटीने स्वतः टॅग बसवला होता, तारेची शेपटी असलेला मुठीएवढा तरंगता गोळा. पाण्याच्या वर आला की तो आपला ठावठिकाणा आणि पाण्याची ऊब उपग्रहाला कळवी. बाकीचं सगळं, बाई किती खोल बुडी मारते तेसुद्धा, पोटात साठवून ठेवी. टॅग एकच, आणि अख्खा प्रबंध त्याच्या भरवशावर.

हल्ली बाई किनाऱ्याला चिकटून होत्या. दिवसभर पाण्याच्या वरच, आणि दुपारी पाणी चांगलं कोमट. पोटुशा माद्या उथळ, उबदार पाण्यात येतात हे धाकटीला पाठ होतं. तिने लगेच नवं प्रकरण लिहायला घेतलं, प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना कळवलं. बाबा तर शेजारीपाजारी सांगत सुटले, "आमची बाई बाळंतपणाला आलीय!"

मग एकदा तिने नकाशा मोठा करून पाहिला, तर बाई रस्त्याच्या अलीकडे, चक्क वस्तीत! टॅगचा सिग्नल पकडणारं यंत्र हातात घेऊन ती बाबांसोबत निघाली. एका इमारतीच्या गच्चीवर यंत्र बोंबलायला लागलं. तिथे प्लंबर उघड्या टाकीत हात घालून बसला होता.

"हा होय? वाळूत सापडला. टाकी भरली की पाणी बंद करतो तो फुगा फुटला होता, त्याच्या जागी लावला. झकास चालतोय! नवा आणा, मग न्या."

बाबा नवा फुगा आणायला दुकानाकडे पळाले. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. प्रकरण गेलं ते गेलंच, पण टॅग ठरलेल्या मुदतीआधी सुटायला नको होता. मासा मेला, तळाशी जाऊन पडला, तर मात्र तो आधीच आपोआप सुटतो. बाई गेल्या, याखेरीज तिला दुसरं काही सुचेचना.

प्रयोगशाळेत तिने टॅग संगणकाला जोडला. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे. पडद्यावर रेघ उमटली: खोल बुडी, वर, पुन्हा बुडी, अगदी शेवटपर्यंत. मग टॅग एकदम वर, आणि नुसतं तरंगणं. तळाशी निपचित पडणं कुठेच नव्हतं. टॅग पाठीत रोवून ठेवणारा खिळाच तुटला होता.

तिने सरांना फोन लावला आणि रडायलाच लागली. बाबांनी फोन काढून घेतला.

"सर, बाळंतपण काही झालं नाही," ते म्हणाले. "पण बाई सुखरूप आहेत."