नाव हिसकावलेला पेचराव

पुलगावच्या अपेक्षा ताकसांडेनं पेचराव पहिल्यांदा काढला, तेव्हा तो जेमतेम दोन पानांचा चोर होता. वर्ध्याहून निघणाऱ्या मुलांच्या चित्रकथांच्या मासिकाला नायकाच्या हातचा मार खाणारा कुणीतरी हवा होता, म्हणून तिनं तो काढून दिला. पण देताना त्याला एक खोड लावली. आधी कोडं घातल्याशिवाय चोरी करायला त्याचा हातच धजत नसे. "मुंबईहून नागपूरले पोचलो, पण जागचा हललो नाई. मी कोण?" उत्तर होतं रूळ, आणि त्या महिन्यात पेचरावानं मालगाडी लुटली.

तिची आई सुमित्राबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "चोर हाय, तं सांगून काऊन चोरते थो?"

"त्याले चोरी नाई पायजे, आई. बरोबरीचा गडी पायजे."

मुलांची उत्तरं येऊ लागली. पेचराव मुखपृष्ठावर चढला. दोनदा मेला, आणि वाचक ऐकेनात म्हणून दोन्ही वेळा जिवंत झाला. मग मासिकाला निशांत नावाचे नवे संपादक आले. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"अपेक्षाताई, हल्ली मुलांना डोकं चालवायला वेळ नसतो. कोडी काढून टाका, याच्या हातात बंदूक द्या."

"मंग थो पेचराव कुठचा?"

"पेचराव हे नाव मासिकाच्या मालकीचं आहे. तुम्ही नाही काढलं, तर दुसरं कुणीतरी काढेल."

ती उठून निघून आली. पुढच्या अंकात कुणा दुसऱ्यानं काढलेला पेचराव बंदूक रोखून दात विचकत होता. अंक वाचून तिला रडू आलं नाही, संताप आला. त्याच आठवड्यात ती स्वतःच्या पुस्तकाला बसली. तेच टोकदार नाक, तोच चौकड्यांचा कोट. नायक मात्र ठेवलाच नाही. पहिल्याच पानावर चोर वाचणाऱ्याला म्हणतो, "माह्यं नाव हिसकावलं. तुमीच वळखा. पतंगाले लागते, वकिलाले पडते. त्याच्यापुढं राव लावा."

पुस्तक छापून तिनं पुलगावपासून समुद्रपूरपर्यंत शाळाशाळांतून स्वतः विकलं. निशांतचा फोन आला.

"हा आमचा पेचराव आहे. पुस्तक मागे घ्या."

"नाव कुठं छापलं, दाखवा."

"ते कोड्यात आहे."

"म्हंजे तुमाले सुटलं," अपेक्षा म्हणाली. "पोराईलेबी सुटून राह्यलं."

मासिकाची नोटीस आलीच. तिच्या वकिलानं सांगितलं, निदान नाक आणि कोट तरी बदला. तिनं दोन्ही बदललं, कोड्यांना हात लावला नाही. पुन्हा मासिकाच्या दारात ती गेली नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही. सध्या तिच्या टेबलावर तिसरं पुस्तक आहे. चोर अजून सापडलेला नाही, आणि त्याला पकडून द्यायचा तिचा विचारही नाही.