स्टेनोबाईंची पाच मिनिटं

कोर्टात बोलतात सगळे, लिहून घेतात एकट्या स्टेनोबाई. साहेब, वकील, साक्षीदार, जो जे बोलेल ते त्यांच्या बोटांखालून जातं. बाई उठल्या की कोर्ट ठप्प. म्हणून एकोणीस वर्षं त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा तोराच होता.

तोरा उतरवला लघवीच्या जळजळीनं. वर्षातली ही चौथी खेप. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "साधं इन्फेक्शन आहे. गोळ्या पूर्ण करा, पाणी भरपूर प्या, लघवी रोखू नका." साधं! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नवरा म्हणाला, "परत? अगं, रजा टाक ना." रजा आधीच्या तीन खेपांतच संपली होती. शिवाय अर्जात कारण काय लिहायचं? पाठ धरली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. हा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या सोमवारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घरकाम करणारी एक मुलगी उभी होती, जेमतेम विशीची. मालकानं कोंडून मारल्याचा खटला. आधीच्या दोन तारखांना ती नुसती रडून गेली होती. आज वकीलबाई मायेनं म्हणाल्या, "बोल पोरी, घाबरू नकोस," आणि ती खरंच बोलायला लागली.

बाईंची बोटं चालत होती, पण ओटीपोटात आग पेटली होती. डॉक्टरांचं ऐकून सकाळपासून दोन बाटल्या पाणी पोटात गेलेलं. त्यांनी पाय आवळले, ओठ चावला, मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले. दोनदा.

"मग मालकांनी दाराला कडी घातली," मुलगी म्हणाली, "आणि..."

बाईंचा हात वर गेला.

"पाच मिनिटं," साहेब आठ्या घालून म्हणाले.

बायकांचं स्वच्छतागृह दोन मजले खाली, त्याची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई चहाला. एवढं सगळं करून आले चार थेंब, तेही निखाऱ्यासारखे. भिंतीला डोकं टेकून बाई रडल्या. वर आल्या तेव्हा मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी मालकाची बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात काहीतरी सांगत होती.

कोर्ट पुन्हा सुरू झालं. "हं, कडी घातली, मग काय झालं?" वकीलबाईंनी विचारलं.

मुलगी खाली बघत राहिली. "मला नाही आठवत."

वकीलबाईंनी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. आता यात चूक कुणाची म्हणायची? बाईंना ती आपलीच वाटली. त्यांची बोटं हलेनात.

"बाई, घ्या ना लिहून," साहेब म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं.