उलटी पावलं

हॅलोविनच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर एका विनोदी भूतकादंबरीविषयी गप्पा होत्या. प्रत्येकाने भुताच्या वेशात यायचं ठरलं होतं. शेजारची नेहा हडळ झाली होती. पांढरी साडी, मोकळे केस, कोरं कपाळ, मोकळे हात. हडळीची पावलं उलटी असतात, म्हणून तिने चपलांच्या टाचांना पुठ्ठ्याची बोटं चिकटवून त्यांना लाल नेलपॉलिशही लावलं होतं. लिफ्टच्या आरशात बघून आम्ही दोघी हसत होतो.

तिसऱ्या मजल्यावर जोशीकाकू आत आल्या. काका गेल्यापासून त्या पांढरी साडी नेसतात; टिकली नाही, बांगड्या नाहीत.

"हे काय गं सोंग?"

"हडळ, काकू!" नेहा बोलून गेली.

काकूंनी तिला नीट न्याहाळलं. "पावलं झकास जमलीत हो. बाकी सगळं माझंच आहे."

त्या हसल्या. आम्हाला मान वर करता येईना. हडळीचा वेश कसा करायचा, हे आम्ही कुणालाही विचारलं नव्हतं. बाई भीतिदायक दिसावी म्हणून तिच्या अंगावरून काय काय काढायचं, ते आम्हाला आधीच ठाऊक होतं.

तळमजल्यावर नेहा घाईघाईने केस बांधू लागली. काकूंनी तिचा हात धरला.

"राहू दे. आता बांधलेस तर जास्त लागेल मला."

नेहा खालमानेने हॉलकडे निघाली. तिच्या पुठ्ठ्याच्या पावलांची लाल बोटं मात्र काकूंकडेच वळलेली होती.