लासूरला निघण्याआधी हीटर लावून बघा

अप्पांना लासूर स्टेशन या गावी न्यायचं ठरलं ते अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. अप्पांचा विसर वाढत चाललाय. सकाळी माणसं ओळखतात, दुपार कलली की मलाही "बाई" म्हणतात. म्हणून बेत एकच होता, दुपारच्या आत अक्कापुढे उभं राहायचं.

पुण्याहून निघून पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला, पुंडलिकनगरात मावसबहिणीकडे. शहरात शिरताना गाडीच्या तापमानाचा काटा चढला. वॉटर पंप गळत होता.

दुसऱ्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या रफीकभाईंनी पंप बदलला, कुलंट भरलं आणि त्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. टाकीत बुडबुडे येत होते. ते वरचा पाइप दाबायचे, थांबायचे, पुन्हा थोडं ओतायचे. साडेदहा झाले. मी तिसऱ्यांदा विचारलं, "झालं ना?"

"मॅडम, भरलं म्हणजे झालं नाय. आतली हवा निकलने दो. अजून अर्धा घंटा."

"टाकी भरलीय ना? लावा झाकण."

त्यांनी लावलं.

लासूर स्टेशन तिथून चाळीसेक किलोमीटर. अप्पांनी या भागात तीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. माळीवाडा गाव मागे पडलं तसा त्यांनी हीटरचा नॉब फिरवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"गरम येईना बघ. इंजनात हवा हाय. थांबव गाडी."

सकाळपासून त्यांनी घड्याळ चार वेळा शोधलं होतं, आणि ते मनगटावरच होतं. हेही त्यातलंच, असं मी धरलं. "हो अप्पा," मी म्हणाले आणि नॉब बंद केला. काटाही जागेवर होता. आत हवा अडकली की हीटर गार राहतो आणि काटासुद्धा खोटं बोलतो, हे मला नंतर कळलं.

थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ आली. इंजिन निवायला दोन तास गेले. फोन केला तसे रफीकभाई मोटारसायकलवरून कुलंटचा डबा घेऊन आले आणि पुन्हा झाकण उघडून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी हीटरपुढे हात धरला. "आता आली गरम."

अप्पा काय म्हणाले होते ते मी त्यांना सांगितलं.

"बाबा बोलले होते? मग ऐकायचं ना, मॅडम."

अप्पा लिंबाखाली बसले होते. मी पाणी दिलं तर म्हणाले, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का सकाळपासून ओट्यावर बसलेली. शेंगोळे करून ठेवले होते, ते पार गार झालेले. अप्पा तिच्यापुढे उभे राहिले.

"बाई, आमची अक्का हितंच राहती का?"

अक्का ओट्यावर बाजूला सरकली. मग म्हणाली, "व्हय. येईल आत्ता. तवर बस, दोन घास खा."

अप्पा पोटभर जेवले. "अक्काच्या हातासारखं लागतंय," म्हणाले. अक्कानं अजून वाढलं.

आम्ही तिथंच मुक्काम केला. सकाळ झाली, पण ओळख परत आली नाही.

तिकडे जाणाऱ्यांना रस्ता चांगला आहे, जरूर जा. पंप बदलला असेल तर भरलेल्या टाकीवर विसंबू नका. हीटर लावा, गरम वारा येईपर्यंत निघू नका. माझ्या अर्ध्या तासाच्या घाईत अप्पांची अक्काशी खरी भेट राहून गेली. हे घरात मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितेय.

परवा सकाळी अप्पा गाडीत माझ्या शेजारी बसले आणि हीटर लावून हात धरून बघितला.

"हां, आता हवा नाय. चल, अक्का वाट बघत असंल."

मी दूध आणायला निघाले होते.